आईच्या बांगड्या

गोरेगाव, शुक्रवार, संध्याकाळ

आज दुखलं तेव्हा पोटात अन्नाचा कणही गेला नव्हता. हे आधी लिहून ठेवतो.

मागच्या महिन्यात आईनं सुके झिंगे भाजून, कुटून, मला न सांगता वांग्याच्या भाजीत टाकले. मला झिंगे चालत नाहीत हे ठाऊक असून! "थोडं थोडं पोटात गेलं का सवय होते," म्हणे. दोन दिवस सलाईनवर काढले. डॉक्टर म्हणाले, आतडं झिंग्याला शत्रू समजतं, पाणी सोडून त्याला बाहेर काढतं. आतड्याला स्वतःच्या नसा असतात, एकदा चिडल्या की लवकर विसरत नाहीत. तेव्हा मी हसलो होतो.

आज साधा वरण-भात. मी मुद्दाम चुलीजवळ बसून सगळं पाहिलं. आईनं ताट समोर ठेवलं, तिच्या बांगड्या वाजल्या, आणि पोटात नळ सोडल्यासारखं पाणी धावलं. कळ आली. घास हातातच राहिला.

"काऊन रे, काय होऊन राह्यलं? म्या काहीच नाही टाकलं, तुही शप्पथ."

खरंच बोलत होती. मग माझ्या पोटानं ओळखलं कोणाला?

तासाभरानं तेच ताट बायकोनं वाढलं. मुकाट्यानं जेवलो. काही झालं नाही.

आई दारातून बघत होती. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून.