तूरडाळीच्या दोन पिशव्या

ग्वाल्हेर, १९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
उषाचा शि. सा. न. वि. वि.

परवा गणपती गेले. घर एकदम रिकामं वाटतं आहे. पत्र पाहून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन चांगला आहे. पण सूर्याजीच्या आणि माझ्या खोलीत एक पातळ भिंत, आणि त्याचे कान लहानपणासारखेच तिखट. माझ्या मोबाईलवरचे मेसेज त्यानेच सोयीसाठी आपल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवले आहेत. तेव्हा मनातलं सांगायला आपला कॉन्व्हेंटचा मार्गच उरला. दर रविवारी मदर आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायच्या, आठवतं? त्या आधी वाचायच्या आणि मग पाकीट बंद करायच्या, म्हणून आपण कधीच काही खरं लिहिलं नाही. हे पाकीट मीच बंद करणार आहे.

दिल्लीचे डॉक्टर शेवटी स्पष्ट बोलले. त्याच्या हातांचं दुखणं नसांचं आहे. ते बरं होणार नाही, पुढेच जाईल. किती वेगाने, ते कोणालाच सांगता येत नाही. चौतीस वर्षांच्या मुलाच्या शर्टाची बटणं मी लावते आहे, अक्का. तो म्हणतो की आई, तुला रिटायर झाल्यावर काही काम पाहिजेच होतं ना.

आता नवी अडचण. त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. पुण्याच्या कंपनीसाठी तो खेळांमधली गावं उभी करतो, म्हणजे घरं, पायऱ्या, दिवे, सगळं. सध्या एक किल्ला करतो आहे. चढण बघूनच मी ओळखलं की ही आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याची, उरवाई दरवाज्याकडची. या कामाला गेमिंगचा लॅपटॉप लागतो. ताकदीचा, पण अडीच किलोचा, आणि चार्जर विटेएवढा. दुसरा सव्वा किलोचा, मासिकासारखा पातळ. त्यावर पत्रं होतील, सिनेमा होईल, किल्ला मात्र उघडणारसुद्धा नाही. मला हलका हवा आहे. पलंगावर घेता येईल, गॅलरीत नेता येईल. तो म्हणतो, पलंगावर घेण्यापुरता लॅपटॉप घेतला की मग पलंगच राहिला.

शेवटी त्यानेच तोड काढली. दाल बाज़ारातून तूरडाळ आणायची, दोन पिशव्या भरायच्या, एक अडीच किलोची, एक सव्वाची. मोठी टेबलावरून उचलून पलंगावर ठेवता आली तर मोठा लॅपटॉप, नाहीतर हलका. माझं ऐकायचं नाही, त्याचंही नाही. मी हो म्हटलं, पण कळलं की तो लॅपटॉप निवडत नाहीये. आपण किती उरलो आहोत ते पाहतो आहे.

चि. विक्रमला विचारून त्याचं मत कळव. भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
उषा


बडोदे, २५ सप्टेंबर २०२४

चि. उषास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. इकडे माझे गुडघे सोडले तर सर्व क्षेम.

विक्रमला विचारलं. तो म्हणाला की मावशीला सांग, त्या कामाला मोठाच पाहिजे, हलका घेणं म्हणजे काम सोडणं. मात्र मोठा तापतो, आवाज करतो आणि मांडीवर घ्यायची वस्तू नाही. एवढं सांगून साहेब ऑफिसला गेले. आपल्या आईला टीव्हीचा रिमोट समजावून द्यायला त्याला वेळ नसतो, मावशीसाठी मात्र अर्धा तास होता.

पिशव्यांची गोष्ट ऐकून मला सूर्याजीचं कौतुक वाटलं. तो त्याच्या पणजोबांवर गेला आहे, नुसतं नाव घेतलेलं नाही. तेव्हा परीक्षा होऊ दे. भीती त्याला नाही, तुला आहे. एकच सांगते, मध्ये हात घालू नकोस. तुझी सवय मी ओळखून आहे.

जेवत जा. हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं. आहे तेवढा जीव तुझ्यातच आहे, हे लक्षात असू दे.

तुझी
अक्का


ग्वाल्हेर, २९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. दोन दिवस उशीर झाला.

ह्यांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातून मी पिशव्या शिवल्या होत्या. परीक्षा शुक्रवारी सकाळी ठरली होती. गुरुवारी संध्याकाळी मी त्याला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलताना पाहिलं. अर्ध्यावर आणून त्याने तो तसाच खाली ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना. मी दाराआड झाले.

सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी मोठ्या पिशवीची शिवण उसवली. निम्म्याहून जास्त डाळ काढली आणि मधे चुरमुरे भरले. खाली डाळ, वर डाळ, हाताला डाळच लागावी अशी. पुन्हा शिवली. तो उचलायला आला तेव्हा चुरमुरे कुरकुरतील म्हणून मी सारखी खोकत राहिले. तो म्हणाला की आई, आधी तुझं औषध आणू, मग लॅपटॉप.

आणि त्याने ती उचलली, अक्का. कोपरांत धरून, ओठ आवळून, पण उचलली आणि पलंगावर नेऊन ठेवली. मग मागे वळून हिंदीत म्हणाला की देखा माताजी, अभी दम है. आणि हसला. असं हसणं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. दोनदा पोहे मागून घेतले. लगेच इंदरगंजातल्या दुकानात फोन करून मोठा लॅपटॉप सांगूनही टाकला.

पिशवी काट्यावर ठेवून पाहावी असं त्याच्या मनातही आलं नाही. आईने भरली म्हणजे भरली.

तू रागावशील. पण तू ते हसू पाहिलेलं नाहीस. रागावून झालं की नेहमीसारखी जवळ घे.

तुझी
उषा


बडोदे, ५ ऑक्टोबर २०२४

चि. उषास अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. मला कॉन्व्हेंटातला वजनाचा दिवस आठवला. टायफॉइडनंतर माझं वजन भरेना आणि सिस्टर मला घरी पाठवणार होत्या. तू सात वर्षांची, एकटी राहायच्या भीतीने माझ्या खिशांत बागेतले दगड भरलेस. वजन भरलं. मी बरी झाले असं समजून त्यांनी मला दुसऱ्या दिवशी मैदानात पळायला लावलं आणि मी तिथेच पडले. आठवतं? माझ्या उशाशी बसून तू रडत होतीस, आणि मी तुझी समजूत घालत होते.

उषा, खोकं येईल. त्यातल्या वस्तूत चुरमुरे नसतील. एक दिवस तो ती उचलायला जाईलच. तेव्हा दुकानाला थांबायला सांग आणि सूर्याजीला खरं सांग, आजच. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. ते परवडेल.

इकडे गरब्याचे लाऊडस्पीकर लागले आहेत, म्हणून अक्षर असं. तुझ्या काळजीत आम्हीही आहोत, तेवढं जवळ बाळग.

तुझी
अक्का


ग्वाल्हेर, १६ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं पत्र येण्याआधीच खोकं आलं. दुकानाचा माणूस बड़ी भारी चीज़ है माताजी म्हणत वर चढला, टेबलावर मांडून, चालू करून गेला. चार-सहा दिवस फार चांगले गेले. मशीनचा पंखा मिक्सरसारखा घुमायचा आणि भिंतीपलीकडे मला बरं वाटायचं. हलवायची वेळ आली की मी आधीच फडकं घेऊन जायची, पुसायच्या निमित्ताने मीच सरकवायची. वाटलं, असंच निभावून नेऊ.

खंडेनवमी मी विसरले होते. आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. देवापुढे पाट मांडायचा, पणजोबांची तलवार ठेवायची, आणि ज्याचं जे हत्यार ते त्याने स्वतः उचलून पाटावर ठेवायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे हयात होते तेव्हा आपलं कोर्टातलं फाउंटन पेन ठेवायचे. मी माझी विळी ठेवते. सूर्याजी आपला लॅपटॉप आणायला गेला.

बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले. लॅपटॉप टेबलाच्या कडेपर्यंत आला होता आणि तो छातीने त्याला अडवून उभा होता, पडू नये म्हणून. हात खाली लोंबत होते. मी धावले, तर म्हणाला की हात नको लावू, रीत आहे. मग म्हणाला, लाव.

पाट तसाच राहिला. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून आहे. त्याने मला शांतपणे समजावलं की परवापरवापर्यंत अडीच किलो उचलत होतो, आता निम्म्यावर आलो. या वेगाने संक्रांतीपर्यंत चमचा जाईल आणि होळीपर्यंत बोलणं. कंपनीला कळवलं की किल्ला दुसऱ्या कोणाला द्या. मशीन बंद आहे. भिंतीतून आता काहीच ऐकू येत नाही.

मला एकच वाक्य बोलायचं आहे, की बाळा, तू तेव्हाही उचललं नव्हतंस. ते बोलले तर ही वेगाची भीती जाईल, पण त्याचं ते हसूही जाईल. वर्षभरातली ती एकच सकाळ त्याची आहे, अक्का. ती मी कशी काढून घेऊ? दोन्ही वेळा ताट घेऊन त्याच्याजवळ बसते आणि परत येते.

काय करू ते लिही. तुझ्याशिवाय विचारायला कोणी नाही.

तुझी
उषा


बडोदे, २२ ऑक्टोबर २०२४

चि. उषास आशीर्वाद.

सांग. ती सकाळ त्याची नव्हती, तुझी होती. ती तू ठेव. त्याला त्याचं खरं वजन परत दे.

विक्रम म्हणतो की लॅपटॉप नकोसा झाला असेल तर तो इकडे ठेवून घेईल आणि हलका पाठवील. पण ते नंतर. मी यायला निघाले असते, गुडघ्यांनी हद्द केली आहे. मनाने तुझ्या दारातच उभी आहे.

तुझी
अक्का


ग्वाल्हेर, ९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दिवाळी करवली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती पिशवी त्याच्या समोर घेऊन बसले आणि शिवण उसवली. चुरमुरे चादरीवर सांडले. मी सगळं सांगितलं, तांब्यापासून.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. त्याने विचारलं की रिपोर्ट मागच्याइतकाच आहे असं मी त्याला सांगितलं होतं, तेही असंच का. मी हो म्हटलं. सही अजून पूर्वीसारखी येते म्हणाले होते, ते? सकाळी बोलणं जड येत नाही, ते? अक्का, एकेकाला मला हो म्हणावं लागलं. एक भीती काढायला गेले आणि त्याच्या पायाखालची सगळी जमीन काढून घेतली.

मग म्हणाला की खालच्या किराणावाल्याकडून काटा माग. माझ्यादेखत भर. मी अडीच किलो भरली. पिशवी हलली नाही. मूठ काढली, पुन्हा मूठ काढली. दर वेळी तो वाकायचा, मी दुसरीकडे बघायची, आणि तो म्हणायचा की आई, इकडे बघ, तुला बघावं लागेल. शेवटी एकदा ती टेबलावरून सुटली. काट्यावर ठेवली तर किलोसुद्धा भरली नाही. म्हणजे हलका लॅपटॉपही त्याने उचलला नसता. मी ज्यासाठी भांडत होते, तोही नाही.

त्याने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. मग म्हणाला की चला, फालतूमध्ये भांडलो आपण, दोन्ही उचलायचेच नाहीत तर ताकदीचाच बरा. विक्रमला सांग, त्याचे आभार, पण मोठा इथेच टेबलावर राहील. कंपनीने किल्ला अजून कोणाला दिला नव्हता. वरचा शेवटचा दरवाजा बाकी आहे. मनगट साथ देईल तितका वेळ तो सकाळचा बसतो. पंखा घुमतो, पण आता तो ऐकून मला पूर्वीसारखं बरं वाटत नाही. मी माझ्या खोलीत बसून तो कधी थांबतो याची वाट पाहते.

पिशवी त्याने टेबलावरच ठेवून घेतली आहे. रोज सकाळी कामाला बसण्याआधी तो ती स्वतः उचलून पाहतो. मला हात लावायला मनाई आहे. ज्या दिवशी उचलत नाही, त्या दिवशी मला हाक मारतो आणि एक मूठ काढायला लावतो. एकच, आणि त्याच्या डोळ्यांदेखत. दया करून दोन काढायच्या नाहीत, असा हुकूम आहे.

काढलेली डाळ टाकवत नाही. तिचंच त्या दिवशी वरण करते. भातावर तूप घालून कालवते आणि भरवते. तो नीट जेवतो, चव छान आहे म्हणतो, आणि मी ते खरं मानते. या आठवड्यात वरण तीनदा झालं.

पत्र येत जाऊ दे, अक्का. निदान इथे तरी काही झाकायचं नसतं.

तुझी
उषा