काहीच न घडणारी क्लिप

८ फेब्रुवारी
चार संत्री संपली तेव्हा कुठे एक क्लिप झाली! माझ्या भाषाशास्त्राच्या प्रबंधाला चार तऱ्हेच्या क्रियापदांच्या क्लिपा हव्यात – नुसती चालू राहणारी क्रिया, म्हणजे चालणं. शेवट असलेली, म्हणजे अख्खं संत्रं खाणं. क्षणात होऊन जाणारी, म्हणजे चावी सापडणं. आणि अवस्था – जिच्यात काही घडतच नाही. लोकांनी क्लिप पाहून आपल्या वऱ्हाडीत सांगायचं, मी टिपून घ्यायचं. नट फुकटचा आहे, वर्गातला निकेश. चौथ्या संत्र्याला म्हणतो, "वर्षाली, आता पोट फुटन ना माझं!"

९ फेब्रुवारी
अवस्था उरकली. निकेशला कॉलेजमागच्या निंबाखाली बसवलं. "काही करू नको, नुसता बस." बसला. मीच क्लिप थांबवायची विसरले.

११ फेब्रुवारी
रविवारी पुलगावचा हेमराज मला पाहायला येतोय. पक्की नोकरी, बाबा खूश. नाही म्हणायला मला एकही कारण सापडत नाही, तेव्हा बहुतेक हो म्हणून टाकीन. जाऊ दे.

१२ फेब्रुवारी
शेजारच्या वच्छलाबाईंना क्लिपा दाखवल्या. चालणं – "पोरगा चालून राह्यला." झकास! संत्रं – "खाऊन टाकलं. पन सालं कोन उचलन?" अवस्था – "बसून हाये बिचारा. बिमार हाये का?" हसून हसून पोट दुखलं.

१३ फेब्रुवारी
आज आईची पाळी. पहिल्या तीन क्लिपा तिने चटचट सांगितल्या. मग अवस्थेची लावली, तर बाई मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बघतच बसली.

"आई, दिसतं ते सांग ना."

"हा कोनाले पाहून राह्यला?"

"कोणालाच नाही. नुसता बसलाय."

"मोबाईल कोन धरला होता?"

"मी."

"मंग तुले पाहून राह्यला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. इतक्यांदा पाहिलीय ही क्लिप – पण कॅमेरा हलला का, मागून गाडीचा आवाज आला का, एवढंच बघत होते. वेडी कुठली!

"आन बाकीच्या तर लवकर सरल्या. हे काऊन सरून नाई राह्यली?"

रडूच फुटलं. मला तो आवडतो. घ्या, लिहिलं एकदाचं! आईने पदराने माझं नाक पुसलं, मी काय चार वर्षांची आहे? मग हळूच विचारलं, "हेमराजले येऊ देऊ?"

मी म्हटलं, "नको."

१४ फेब्रुवारी
आईने सकाळीच पुलगावला फोन लावला – "येऊ नका, पोरीचं ठरलं हाये." बाबांनाही तेच सांगून मोकळी! निकेशला अजून कुणी विचारलेलंच नाही.