न दिलेली ओ

माय, तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि मी तर आता पोरींना अक्षरं शिकवूनच पोट भरते. तरी लिहायला बसले आहे. आमच्या शेजारच्या काकू पुढच्या आठवड्यात बदरी-केदारला निघाल्यात. काल ओसरीवर येऊन त्यांनी विचारलं, "तुमच्या मायसाठी काई द्याचं हाये का? मंदाकिनीत सोडून देईन मी." बघते, म्हटलं. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही द्यायचं आहे का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

लिहायला बसले की आधी आपलं चांदूरकडचं घर डोळ्यांपुढे येतं. मी सात-आठ वर्षांची असेन. भर दुपार आहे. तू भाकरी थापते आहेस आणि मी चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या सारते आहे. मागच्या गोठ्याकडून हाक येते, "अवं बाई!" तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस, कायम बाई. हाक हुबेहूब तुझ्या आवाजातली, आणि तू माझ्यासमोर बसलेली. तरी सवयीनं माझ्या तोंडून 'ओ' निघते. तुझा पिठाचा हात फाडकन माझ्या तोंडावर बसतो. "एका हाकेले काहून ओ देते वं? माणूस तीनदा हाक मारते. ते एकदाच मारते. तिसऱ्या हाकेले ओ द्याची, ध्यानात ठेव!" मग तू विळा घेऊन गोठ्याकडे गेलीस. गोठ्यात कुणी नव्हतं. गुरं मात्र सगळी उभी होती आणि एकाच कोपऱ्याकडे पाहत होती. एरवी काठ करपला तरी आकाशपाताळ एक करणारी तू, त्या दिवशी तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली तरी काही बोलली नाहीस.

पुढे मला अकोल्याला दिलं. दोन वर्षांनी मी अंगावरच्या लुगड्यानिशी परत आले तेव्हा तू माझ्या पाठीवरचे वळ पाहिलेस, हळद लावलीस आणि बापाला एक शब्द बोलू दिला नाहीस. ते काही महिने तू माझी होतीस. म्हणून तू केदारला चल म्हणालीस तेव्हा मी हरखून गेले. पोरीच्या जिवाला जरा शांतता मिळावी म्हणून नेते आहे, असं मला वाटलं होतं. हरिद्वारपासून आपण संगतीच्या मंडळींबरोबर पायी चाललो, वाटेवरच्या धर्मशाळांत, चट्टीचट्टीवर मुक्काम करत. तुझे पाय सुजले, माझे फुटले, आणि तरी सांगते, इतकं आपण आयुष्यात कधी हसलो नव्हतो.

शेवटच्या चढाच्या सकाळी ओझेवाल्यानं आपल्या दोघींना बजावलं, "यहाँ से ऊपर ज़ोर से पुकारना नहीं, माताजी. सुननेवाले और भी हैं." मंडळी पुढे निघाली. तू जोडवी सारखी करत खाली मानेनं म्हणालीस, "इथून गेलो का तुले अकोल्याले पोचवून देईन. तसा नवसच बोलली मी. देवाले सांगाले तर चाललो."

मला पायाखालचा डोंगर सरकल्यासारखं झालं. म्हणजे ज्या देवाकडे मी फुटल्या पायांनी चालत होते, तो मला पुन्हा त्याच घरात ढकलायला बसला होता. मी म्हटलं, "दर कार्तिकात कौंडण्यपूरले जातेस. ते रुक्मिणी आपल्या मनानं गेली, तिच्या पाया पडतेस. अन् मले?" तू म्हणालीस, "देवाचं देवाले शोभते, बाई." मी काठी उचलली आणि पुढे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.

वर झाडं संपली. धुकं असं उतरलं की स्वतःची काठीसुद्धा टोकापर्यंत दिसेना. तिथे देव आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या शांततेत कुणीतरी कान देऊन ऐकतं आहे असं सारखं वाटत होतं. आपण नुसता श्वास घेतला तरी तो कुणीतरी टिपून घेतो आहे असं वाटायचं. मी नामस्मरण करायला गेले आणि मध्येच गप्प झाले. आपलं नाव घेतलेलं त्याला आवडेल की नाही, असा विचार मनात आला.

आणि तिथे हाक आली. "अवं बाई!" दुरून नाही, अगदी खांद्याशी. मी जागच्या जागी थांबले. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली, तिसरीची पाहिली. आली नाही. मग मी पुढे गेले.

देवळापाशी मंडळी भेटली. तू येईनास तेव्हा ओझेवाला मागे गेला. तू कोसभर मागे, वाटेच्या कडेला खडकाला टेकून बसलेली सापडलीस, तोंड वरच्या वाटेकडे आणि एक हात ओठांशी. तू केव्हाच थंड झाली होतीस, असं तो म्हणाला. मी त्याला हळूच विचारलं, तिथून हाक मारली तर इथवर येते का? तो म्हणाला, "नहीं, इतनी दूर से नहीं." मंडळी म्हणाली, केदाराच्या वाटेवर मरण, भाग्याची बाई. मग त्यांनीच विचारलं, पोरी, हाक नाई का ऐकू आली तुले? मी नाही म्हटलं. मंदाकिनीच्या काठी तुला अग्नी दिला आणि तुझा नवस तुझ्याबरोबर गेला. बा म्हणाला, "तिच्या माघारी पोरीले कोन धाडन आता?" त्यानं मला अमरावतीला शिकायला ठेवलं. तू गेलीस म्हणून मी वाचले, माय. ते खरं आहे.

आता दिवसभर चाळीस पोरी मला "बाई, बाई" करतात. मागून कुणी एकदाच हाक मारली की माझी मान वळत नाही. बाईंना एका हाकेत ऐकू येत नाही, म्हणून पोरी हसतात. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा ओस पडते, दुपारी मी एकटी वह्या तपासत बसते, तेव्हाही कधी कधी हाक येते. एकदाच येते आणि खांद्याशी येते. ती तुझी नाही, असं मी स्वतःला सांगते. तुझी असती तर तू तीनदा मारली असतीस, नियम तूच घालून दिलेला. ओझेवालाही म्हणाला होता, आवाज पोचत नाही. इतकी वर्षं मी या दोन गोष्टींवर झोपते आहे.

हे पत्र मी काकूंजवळ देणार नाही. तू जिथे बसलीस त्या वाटेनं खोटं जायला नको. वर लिहिलं आहे की मी थांबले, दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. मी थांबले नव्हते. हाक आली तेव्हा तुझा नियम माझ्या मनातही नव्हता. हाक तुझी आहे एवढं मला पक्कं कळलं, अकोला आठवलं, आणि मी झपाझप चालू लागले. नियम आठवला तो संध्याकाळी, लोकांनी विचारल्यावर.