रिव्हर्स पडत नाही

५ जानेवारी, रविवार

रिव्हर्स पडत नाही! कालच नवा क्लच टाकून आणलेली गाडी, आणि आज सोसायटीच्या गेटात असा करकर आवाज केला की वॉचमन खुर्चीतून उठला. ह्यांनी तीनदा टाकून बघितला. चौथ्यांदा पडला, पण खडखडत. पहिला गिअरसुद्धा अडतो. भाजीला निघालो होतो, भाजी राहिली.

हे बॉनेट उघडून उभे. अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं मशीनवर गेली, मागच्या वर्षी रिटायर झाले, पण बॉनेट उघडलं की अजून फोरमनचाच आवाज लागतो. "त्या बाईने बांधलाय क्लच. दुसरं काय होणार!"

ती बाई म्हणजे पुतळी. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून येते. नितीनच्या गॅरेजात सहा वर्षं गाड्या धुतल्या आणि धुता धुता बघून शिकली. आमचा क्लच हे तिचं एकटीने केलेलं पहिलं मोठं काम. मी परवा दीड तास स्टुलावर बसून बघत होते. ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट, केस टॉवेलात बांधलेले. काढलेला एकेक नट पत्र्याच्या झाकणात मांडत होती — ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने. चढवताना एकदाही शोधाशोध नाही. मला मसाल्याच्या डब्यात एवढी शिस्त तीस वर्षांत जमलेली नाही.

ह्यांना मात्र तिने काम केलं हेच खुपतंय. मला ते दिसतंय.

७ जानेवारी, मंगळवार

गाडी घेऊन गॅरेजला गेलो. पुतळीने काही बोलण्याआधी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून पाहिले. गुपचूप पडले. मग इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला. पडला! गाडी रस्त्यावर काढली, पुलापर्यंत जाऊन आली, वळवली, मागे घेतली. कुठे खट् नाही. मग ह्यांना बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. गेटातच करकर.

तिने गिअरच्या दांड्यावर नुसता तळहात ठेवला होता. डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. नजर मात्र खाली, ह्यांच्या पायांकडे. मला वाटलं, काही पडलंय का तिथे.

हे म्हणाले, "तू चालवलीस तेव्हा गाडी थंड होती. गरम झाली की होतं." ती म्हणाली, "असंल साहेब." केबल बघितली, थोडी ओढून बांधली. गिअरचं ऑइल बघितलं. सगळं ठीक.

नितीन तिला बाजूला घेऊन बोलत होता. मी चहा घेत होते, कान काही बंद करता येत नाहीत. "हे बघ पुतळी, ही गाडी अजून एकदा परत आली ना, तर तू परत धुण्यावर. माझं गिऱ्हाईक तुटतं असं. समजलं ना?" ती फक्त मान हलवून कामाला लागली.

वाईट वाटलं. सहा वर्षं पाण्यात हात घालून ती इथवर आली, आणि आमच्या खटाऱ्याने तिला मागे ढकलायचं?

८ जानेवारी

आज गाडी काढलीच नाही. शांतता!

९ जानेवारी, गुरुवार

चोर सापडला. चोर मीच!

पुतळी गॅरेजातून घरी जाता जाता मुद्दाम मांजर्लीत आमच्याकडे उतरली. कुणी बोलावलं नव्हतं. "काकू, गाडी उघडा जरा." ह्यांच्या पायाखालचा जाड मॅट तिने ओढून बाहेर काढला. दिवाळीत मीच उल्हासनगरहून आणलेला, एक नंबर कॅम्पातल्या दुकानातून. दुकानदार म्हणाला होता, "भाभीजी, मखमल है, पाँव को पता भी नहीं चलेगा." पुतळी म्हणाली, "ह्याच्यावर पेडल टेकतो काकू. पुरता खाली जात नाय."

ह्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. क्लच नाही, गाडी नाही, केबल नाही — बायको! जेवताना दोनदा हसले. मी म्हटलं, हसा. पुतळीची मान सुटली ना, मग मॅटचं पाप माझ्या माथी का असेना. तिला चहा दिला तर उभ्यानेच प्यायली, शेवटची बस होती. ती गेल्यावर बिनमॅटची गाडी थोडी बरी वाटली. थोडीच.

११ जानेवारी, शनिवार

अंबरनाथला, शंकराच्या देवळाकडे वळायच्या रस्त्यावर, भर गर्दीत गाडी अडली. पहिला पडेना. मागे रिक्षांची रांग. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, दाबा ना पुरता, इधर सोने का है क्या?" हे खाली उतरले आणि त्याच्याशी भांडले. मी खिडकीतून दुसरीकडे बघत राहिले.

रस्त्यावरूनच नितीनला फोन. "गिअरबॉक्स परत उतरव. तू स्वतः. त्या बाईला माझ्या गाडीला हात लावू देऊ नकोस." एवढं मोठ्याने बोलले की फुलवाली बघायला लागली.

मी एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१३ जानेवारी, सोमवार

नितीनने गिअरबॉक्स उतरवला. ह्यांनी बॅटरी घेऊन स्वतः तपासलं — क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. बराच वेळ बघत होते. नावं ठेवायला काही सापडेना. घरी येऊन एवढंच म्हणाले, "बांधलंय बरं." ह्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे कारखान्यात पूर्वी बक्षीसच समजायचे. गाडी तिथेच आहे, दोन-तीन दिवस चालवून बघतो म्हणालाय नितीन.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ घेऊन एकटीच रिक्षाने गॅरेजला गेले. ह्यांना सांगितलं, शेजारच्या जिज्ञासाकडे हळदीकुंकू आहे. खोटं.

पुतळी मागच्या बाजूला कुणाची तरी गाडी धूत होती. हात ओले, म्हणून लाडू मीच तिच्या तोंडात घातला. म्हटलं, "आमच्यामुळे झालं हे." ती म्हणाली, "तसं काय नाय काकू." मग साबणाचा फडका पिळत म्हणाली, "गाडीत काय नाय. साहेबांचा पाय हाय."

मला कळेना. तेव्हा तिने मला ओट्यावर बसवून समजावलं. जुना क्लच घासत घासत गेला की पेडल वरच्या वर काम करायला लागतो. साहेबांचा पाय तेवढंच दाबायला शिकला — अर्धं. वर्षानुवर्षं तेवढ्यात गिअर पडत होता. आता क्लच नवा, तो पेडल पार खाली दाबला की सुटतो. "साहेबांचा पाय अजून जुन्याच क्लचवर हाय काकू. अर्धाच जातो. मॅट काढला तरी अर्धाच."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगलेला ना. शेठला पहिल्याच दिवशी सांगलेला. शेठ बोलले, गिऱ्हाईकाचा पाय खराब असं बोलायचं नसतं. गाडी खराब बोलायची."

मी हसले, आणि लगेच हसू गेलं.

मग तिने आमच्या गाडीची चावी आणली. "बसा काकू." लायसन्स आहे माझ्याकडे! क्लास लावून काढलेलं. त्यानंतर हे मला एकदाच बारवी रस्त्याला घेऊन गेले, इतके ओरडले की मी पुन्हा त्या सीटवर बसले नाही. त्याला अकरा वर्षं झाली. क्लासचे मास्तर एकच सांगायचे, क्लच तळापर्यंत. माझ्या पायाला तेवढंच ठाऊक, पुढचं काही शिकायला मिळालंच नाही ना. पहिला, दुसरा, रिव्हर्स. लोण्यात सुरी जावी तसे पडले! गॅरेजच्या आवारात तीन फेऱ्या मारल्या. पुतळी टाळ्या वाजवत होती, हातातल्या साबणाचा फेस सगळीकडे.

काय बाई आहे! हाताखालची गाडी कळतेच, गाडी चालवणाराही कळतो. आणि स्वतःचं काम गेलं तरी म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं नाही.

१५ जानेवारी

सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा लोणचं वाढलं. निरोप समारंभाची शाल अजून घडी न मोडता कपाटात आहे. त्या दिवसापासून ह्यांचं ऐकणारी ही एकच गाडी उरली होती. तिचंही बिनसलं आणि ते तुमच्यामुळेच, हे मी कसं सांगू? पण तिकडे पुतळी कुणाच्या तरी टायरचा चिखल काढत असेल. भित्री आहे मी. दुसरा शब्द नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

नितीनचा फोन आला, गाडी न्या. दोघं गेलो. नितीन म्हणाला, "एकदम सेट केलंय साहेब, आता टेन्शन नाय." सेट काय केलं ते त्यालाच ठाऊक. हे दार उघडायला पुढे झाले. मी चावी हातात घेतली आणि म्हटलं, "मी चालवते."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग फिरून डावीकडे जाऊन बसले. बहुधा नितीनसमोर वाद नको म्हणून. गॅरेज ते मांजर्ली, एकदाही करकर नाही. घाम फुटला होता मला, एका स्पीडब्रेकरवर गाडी बंदही पडली. पण गिअर पडत गेले. हे रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या डाव्या पायाकडे बघत होते.

गेटात मी रिव्हर्स टाकला, गाडी लावली आणि सगळं सांगून टाकलं. पुतळी काय म्हणाली, नितीन काय म्हणाला, लाडू, हळदीकुंकवाची थाप — सगळं. म्हटलं, "अहो, तिची चूक नव्हती. तिच्या पोटावर पाय आलाय." मी वर आले. खिडकीतून पाहिलं तर बंद गाडीत उजवीकडे जाऊन बसले होते. डोकं थोडं खाली जायचं, वर यायचं. पेडल दाबून बघत असावेत. तासाभराने वर आले, चहा मागितला.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी हे चालत गॅरेजला गेले. नितीनसमोर, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर बोलले — क्लच उत्तम बांधलाय, चूक माझ्या पायाची. पुतळी सोमवारपासून परत कामावर. नितीननेच फोन करून सांगितलं, "काकू, साहेब तिला हात जोडून बोलले." ह्यांच्याबद्दल एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

जेवताना तसं म्हणाले मी. ह्यांनी वरणात भात कालवला आणि खाली बघत म्हणाले, "मला सात तारखेलाच कळलं होतं. तिने गाडी पुलापर्यंत नेऊन आणली तेव्हाच." मग ताक ओतून घेतलं.

मग इतके दिवस गप्प का बसलात, हे मी विचारलं नाही. आठवडाभर ती बाई दुसऱ्यांच्या गाड्या धूत होती, आणि ह्या घरात ते का, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांना आधीपासून, मला चार दिवस.