व्याह्यांना पाजलेली गेवुर्त्स

१६ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा, क्लारिसचा फोन. ९ मार्चला दुपारी तिचे होणारे सासू-सासरे मुलाला घेऊन आपल्याकडे जेवायला येणार. उत्तम. सासरा, म्हणजे हा बुशनो, बोन गावाजवळ लाल वाइन करतो आणि लाल सोडून जगात दुसरी वाइनच नाही असं समजतो. नाताळात मी त्याच्या घरी आमची पांढरी वाइन, गेवुर्त्स, नेली होती. तीन पिढ्या करतोय आम्ही ती. पेल्यात नाक घातलं की आधी गुलाब, मग लिची, मागून हळूच आलं. त्याने नाक घातलं आणि विचारलं, "ही प्यायची की काखेत लावायची?" सगळे हसले. आमची ओदीलसुद्धा. बायको असून.
मी ते केव्हाच विसरलोय. फक्त त्याला जेवण कशाला म्हणतात ते दाखवायचं आहे.

२० फेब्रुवारी
मेनू पक्का. हंसाची कलेजी, कांद्याचा टार्ट, आलं घातलेलं बदक, शेवटी जिऱ्याबरोबर मुन्स्टेर चीज. सगळ्यांवर एकच वाइन. शेजारचा हिर्ट्झ म्हणाला, चारही पदार्थांवर गेवुर्त्स दिलीस तर तोंड गोडमिट्ट होऊन बसेल, निदान टार्टबरोबर कमी गोड रिस्लिंग दे. हिर्ट्झशी बोलणं बंद.

२७ फेब्रुवारी
रंगीत तालीम. मुन्स्टेर स्वयंपाकघरात उघडं ठेवलंय, मुरायला. ओदील म्हणते पडद्यांना मोज्यांचा वास येतोय. मुलीचं लग्न आहे की तुझी लढाई, असंही विचारलं तिने. लढाई वगैरे नाही, हे मी शांतपणे सांगितलं. आवाज चढला तो खोकल्यामुळे.

९ मार्च, सकाळी
संकल्प: चिडायचं नाही. हसतमुख राहायचं. बुशनोला माफी मागायची संधी द्यायची.

९ मार्च, संध्याकाळी
एकंदरीत जिंकलो.
बुशनो येताना स्वतःच्या सहा बाटल्या घेऊन आला. मी त्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. कलेजीबरोबर त्याने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. भारावला असणार. टार्टच्या वेळी पाणी मागितलं. बदक वाढलं तेव्हा म्हणाला, "कुंट्झलर, गुलाबाची बाग पाहून झाली. आता वाइन आणा." मी हसतमुख होतो. मुलगा मध्येच काहीतरी बोलायला लागला, त्याला मी थांबवलं. मोठी माणसं बोलत होती.
चीज आलं आणि बुशनोच्या बायकोने खिडकी उघडली. मी बंद केली, सुगंध उडून जातो. तिने पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली आणि कडी घातली. मग बुशनोचा पेला भरायला गेलो तर त्याने पेल्यावर हात ठेवला. मी ओततच राहिलो. बाही भिजली ती त्याच्या चुकीने. हात त्याचा होता.
ओदीलने केलेला केक न खाताच गेले. क्लारिसही त्यांच्याच गाडीतून गेली.

१७ मार्च
क्लारिस फोन उचलत नाही. कामात असेल. ओदीलने फारच लावून धरलं म्हणून बुशनोला फोन केला. त्याने माफी मागावी म्हणून बराच वेळ थांबलो. मागेना. मग पांढऱ्या वाइनचा डाग पडत नाही, हे त्याला समजावून सांगितलं. फोन कट झाला. तिकडे रेंज नसते.

१२ एप्रिल, शनिवार
ओदील सकाळीच नवा ड्रेस घालून निघाली. बहिणीकडे जाते म्हणाली.
दुपारी क्लारिसचा फोन. बोनच्या नगरपालिकेत लग्न झालं, आत्ताच. तिची आई तिथेच होती. मी विचारलं, जेवणाबरोबर कोणती वाइन ठेवलीय. ती म्हणाली, "पपा, नाताळापासून तू कशाबरोबर काय जातं तेवढंच बोलतोयस. माझ्या नवऱ्याचं नाव सांग बघू."
मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. ती थांबून राहिली. मागे लोक हसत होते. मी म्हटलं, बुशनोचा मुलगा.
तिने फोन ठेवला.
नाव माहीत आहे मला. छोटंसंच आहे. अगदी ओठांवर आहे.
संध्याकाळी एक बाटली उघडली. कसलाच वास आला नाही. सर्दी झाली असेल.