घट्ट पाणी

३ फेब्रुवारी
आज नाकातली नळी काढली. त्यानं तोंड उघडलं. "रांडे!"
वाचा-उपचार करणारी वर्षाली खूश झाली. "काकू, आवाज आला!"
चाकणला, कंपनीतच अर्धांगाचा झटका आला. बाकीचे शब्द गेले. हा एकच उरला — सव्वीस वर्षं मला मारताना वापरलेला. वर्षाली म्हणते, तोंडात बसलेले शब्द असे टिकतात.
बाहेर मी त्याला 'हे' म्हणते. इथे, वहीत, 'तो'.

५ फेब्रुवारी
घरी आणलं. चिंचवडच्या हॉस्पिटलातून दिघीपर्यंत, रिक्षात अखंड तेच. रांडे म्हणजे पाणी. रांडे म्हणजे उशी. रांडे म्हणजे लघवी. रिक्षावाला आरशातून बघत होता — माझ्याकडे.
वर्षालीचे नियम: पाण्यात पावडर घालून पेजेसारखं घट्ट करायचं. त्याची हनुवटी छातीला. मगच गिळायचं. साधं पाणी श्वासनळीत उतरतं. "एखादा घोटही जिवावर बेतेल, काकू."
एक घोट!

६ फेब्रुवारी
हनुवटी धरताना बोटं त्याच्या गळ्याशी जातात. नाडी लागते. बोटं लगेच काढत नाही.

११ फेब्रुवारी
सासूबाई गावाहून आल्या. वाटी हुंगली. "ही खळ पाजतीस व्हय माझ्या लेकाला? घरात पानी न्हाई?" तांब्या सरळ त्याच्या तोंडाला लावला.
मी दारात होते. ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. पाहत राहिले.
तो निळा पडला तेव्हा तांब्या हिसकला. त्याला पुढे वाकवलं, पाठीत बुक्के घातले. पाणी बाहेर आलं, श्वास आला — तरी घालत होते.
"आगं, वाचवतीस का मारतीस त्याला!"
मला ठाऊक नाही.

१२ फेब्रुवारी
ताप नाही. पाणी फुप्फुसात राहिलं असतं तर आला असता. तासातासाला पाहिला. कोणत्या आशेनं, ते लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी
वर्षालीला तांब्याचं सांगितलं. दाराचं नाही.
ती ऐकत होती, पण भलतंच. "काकू, तुमचा आवाज असा फाटका कधीपासून?"
"शाळेत पोरांवर ओरडून," मी म्हणाले. ठरलेलं उत्तर. वर्गात मी कधीच ओरडले नाही.
"एकदा घसा तपासून घेऊ," ती म्हणाली.

२५ फेब्रुवारी
वर्षालीनं नवा केसपेपर काढला. माझ्या नावाचा. "कारण काय लिहू?"
तो समोरच, चाकाच्या खुर्चीत.
"ह्यांनी गळा दाबला होता."
त्यानं तोंड उघडलं, मिटलं. हनुवटी छातीला लावली. आपणहून. आणि गिळलं.