चार नंबरची डबी

येळ्ळूर, बुधवार

ती. आक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि दाजींची साखर आटोक्यात असेल, असं धरून चालतो (नसली तर आज सांगू नकोस, माझंच मला पुरेसं झालंय). पत्र निपाणीला निघालेल्या यल्लाप्पाच्या हाती देतोय, कारण तुझी केतकी घरातच आहे आणि फोनवर मास्तरचा आवाज हळू निघत नाही.

केतकीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गडाच्या उतारावर झाडांना बारा डब्या बांधल्यात, हे तुला ठाऊक आहेच. एकीला धूर लागला की ती बिनतारी निरोप दुसरीला देते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी गावातल्या मोबाइलवर भोंगा वाजतो. वणवा पसरायच्या आत माणसं हजर. चार नंबरची डबी आपल्या बांधावरच्या आंब्यावर, म्हणून तिची राखण माझ्याकडे (सदतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला एक डबी ती काय!).

गुरुवारी वळीव आला. पोरीची वस्तू भिजेल म्हणून मी ती काढून आणली आणि आपल्याकडे जपायची वस्तू जिथं टांगतात तिथंच टांगली: न्हाणीघरात बंबाच्या वर, बियाण्याच्या कणसांशेजारी. तिथल्या धुरानं कीड लागत नाही, हे आईनंच शिकवलेलं. मग विसरलो.

शुक्रवारपासून रोज सकाळी सहाला भोंगा! वीस माणसं आग झोडपायला हिरवे डहाळे घेऊन गडावर, त्यांत मीही. बंब पेटवायचा, भोंगा ऐकून धावायचं, आणि धापा टाकत परत येऊन कढत पाण्यानं आंघोळ करायची. काल त्यांतलाच मष्णू म्हणाला, "सर, आग न्हाय न् काय न्हाय. उद्यापासनं आमी येणार न्हाय." आता खरा वणवा लागला तर कोण उठणार? केतकीच्या कॉलेजातल्या सरांनीही येत्या शुक्रवारी डब्या उतरवायला सांगितल्यात. पोरीचा चेहरा बघवत नाही. आज भोंगा झाला नाही म्हणून निवांत बंबात लाकूड सारत होतो, सहज वर बघितलं, तर कणसांच्या मधोमध लाल दिवा लुकलुकतोय. आक्का, रोजचा वणवा माझ्याच न्हाणीघरात! मला तिला सांगायचं धाडस नाही. तू आई आहेस, तूच सांग.

तुझा,
शरद

ता. क. पाकीट चिकटवणार तोच केतकी चहा घेऊन आली. "मामा, डबी कुठं हाय ते काल संध्याकाळीच नकाशावर दिसलं मला. तिचा भोंगा बंद करून टाकला." मी विचारलं, मग सरांना सांगितलं नाहीस? तर म्हणाली, "सांगितलं की, जोडणी माझीच चुकली म्हणून. अख्खं गाव तुम्हास्नी सर म्हणतंय, मामा." चहा तसाच निवला.

ता. क. दुसरा. तेव्हा तिला काही सांगू नकोस. उद्या दुपारी मीच कॉलेजात जाऊन तिच्या सरांना खरं सांगणार, आणि मग मष्णूसकट वीस दारं. तू पहिल्या बसनं ये. बोलायचं काही नाही. लहानपणी चूक कबूल करायला बाबांपुढं मला हाताला धरून न्यायचीस, तेवढंच काम आहे.